गुंडीचं वजन

१२ नोव्हेंबर

जुन्या घरातून दवाखान्यात गेले आणि दवाखान्यातून थेट या नव्या घरात आले. मधल्या चार दिवसांत नवऱ्याने एकट्याने सगळं सामान हलवलंय. त्यामुळे चमचे बाथरूमच्या कपाटात आहेत आणि माझ्या चपला कुठे आहेत हे त्यालाही ठाऊक नाही. तरी दाराला त्याने फुगा बांधला होता. एकच. बाकीचे फुगवताना फुटले म्हणाला.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टाके सांभाळत एकेका पायरीवर थांबत चढले. पुढे नवरा गुंडीला घेऊन, काचसामान नेतोय अशा चालीने. गुंडी म्हणजे आमची चार दिवसांची लेक. खरं नाव अजून ठरायचंय. त्याच्या यादीत आणि माझ्या यादीत एकही नाव सारखं नाही. जन्मली तेव्हा नाक शर्टाच्या गुंडीएवढं होतं, म्हणून तूर्तास गुंडी.

पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि मागे एक लांबट खोली. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे तिथे ऊन येत नाही, पण दिवसभर एकसारखा मऊ उजेड असतो. ती गुंडीची खोली. आधीच्या भाडेकरूंची एक बुटकी, बिनहाताची खुर्ची तिथे राहून गेलीय. बसून पाहिली. पाय जमिनीला नीट टेकतात, बाळ मांडीवर आपोआप हवं तसं येतं. पाजायला याहून बरी खुर्ची शोधूनही मिळाली नसती.

मी नऊ वर्षं औषधांच्या दुकानात आहे. लोकांना थेंब, चमचे आणि वेळा समजावून सांगण्यात हयात गेली. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पाजण्याच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्यावर मला बरंच वाटलं. ही वही त्यासाठीच. वेळा डाव्या पानावर, बाकीचं उजव्या.

वजन घरी येताना २६५० ग्रॅम. जन्मताना २८०० होतं. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच. काउंटरपलीकडच्या कितीतरी बायकांना मीच हे सांगितलंय.

१४ नोव्हेंबर

नवऱ्याची रजा सामान हलवण्यात संपली. तो पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर असतो, सकाळी सात ते संध्याकाळी सात. आज जाताना तीनदा दारातून परत आला. एकदा किल्ली विसरली म्हणून, आणि दोनदा नुसताच.

दूध अजून नीट उतरत नाहीये. आईला फोन केला. तिचा पाय प्लास्टरमध्ये, नाहीतर ती इथेच असती. ती म्हणाली, तुझ्या वेळी मला सहा दिवस लागले होते, तू तेवढ्या वेळात अख्खी इमारत डोक्यावर घेतली होतीस. घाई करू नको, जरा पडत जा.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. शिवणकाम करतात. गुंडीसाठी दोन झबली आणली होती, इतकी लहान की मी आधी पिशवीत काही नाहीच समजले. मशीनच्या आवाजाचा त्रास झाला तर जमिनीवर पाय आपटायचा, त्या थांबतील, असं ठरलं. मी म्हटलं, गुंडी रडली तर तुम्ही छतावर काठी मारा. त्या छान हसल्या. जाताना म्हणाल्या, काही लागलं तर सांग, आणि जरा पडत जा.

सगळेच मला पडायला सांगतात. पडल्यावर गुंडीला कोण घेणार हे कुणी सांगत नाही.

१७ नोव्हेंबर

नर्सबाई घरी आल्या. वजनकाट्यावर कापड अंथरलं, गुंडीला ठेवलं. २५१०.

त्यांनी मला कसं धरायचं ते पुन्हा दाखवलं. गुंडी ओढते, दमते, तोंड सोडून रडते. पंप लावला तर अर्ध्या तासात बाटलीचा तळ जेमतेम ओला होतो. मग डब्याचं दूध. दुकानात आहे ती प्रत्येक जात तिथल्या मैत्रिणीकडून मागवून झाली. बाटलीने, चमच्याने, ड्रॉपरने. पोटात जातं आणि तसंच बाहेर येतं. डावं पान भरलंय, गुंडी रिकामी.

१९ नोव्हेंबर

२४३०. नर्सबाई आज काट्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. परवापर्यंत वाढलं नाही तर भरती करू या म्हणाल्या. आवाज अगदी साधा ठेवून. मीही दुकानात वाईट बातमी अशाच आवाजात देते.

त्या गेल्यावर गुंडीला घेऊन मागच्या खोलीत बसले. आता ती मोठ्याने रडतही नाही. दाराची बिजागरी कुरकुरावी तेवढाच आवाज येतो. तिच्या मनगटाची कातडी सैल झालीय. बोटाने दाबली की उशिरा परत येते. याचा अर्थ मला कळतो. कळत नसता तर बरं झालं असतं.

दुपारचा एक वाजला होता. मी रडत होते, पण सांगायचं ते नव्हे. मी बोलले. मोठ्याने, रिकाम्या खोलीत. म्हटलं, "कुणीही या. कुणीही चालेल. पण हिचं पोट भरा."

लिहून ठेवते, कारण आईशी, नवऱ्याशी, कुणाशीच हे बोलले नाही. इतकी निराधार मी कधी नव्हते.

२० नोव्हेंबर

सकाळी अकराला पुढच्या खोलीत जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा अडीच वाजले होते. साडेतीन तास. गुंडी इतका वेळ कधीच झोपत नाही. मी मागच्या खोलीत कशी पोचले ते आठवत नाही. टाके ओढले गेले एवढं कळलं.

ती शांत झोपली होती. मुठी सुटलेल्या. गाल गरम, गुलाबी. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, आणि लंगोट जड, ओला. इतका पहिल्यांदाच.

म्हणजे मी झोपेतच उठून पाजलं असणार. दमलेल्या आया असं करतात, ऐकलंय. माझा गाऊन मात्र कोरडा होता.

काही का असेना. प्यायली. गुंडी प्यायली.

२१ नोव्हेंबर

२५२०. दोन दिवसांत नव्वद ग्रॅम. नर्सबाईंनी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. २५२०. त्यांनी माझा खांदा दाबला. बघा, सांगत होते ना, तुम्ही उगाच घाबरलात. भरती रद्द.

नवऱ्याने संध्याकाळी गुंडीला आरशासमोर नेऊन तिचं अभिनंदन केलं. मी हसले. मग डावं पान पाहिलं. दोन दिवसांत मी पाजलेलं सगळं मिळून एक चहाचा कप भरणार नाही. त्यातलंही अर्धं उलटलं होतं.

हिशेब लागत नाही. नऊ वर्षांत मी एक बाटली इकडची तिकडे होऊ दिली नाही.

२४ नोव्हेंबर

रोज तेच. सकाळी मी पाजायला घेते, ती तोंड फिरवते. अकराच्या सुमारास माझे डोळे मिटतात, औषध घेतल्यासारखे. उठते तेव्हा तिचं पोट टम्म असतं.

आज उठून आत गेले आणि खुर्चीवर बसले. बसण्याची जागा ऊबदार होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यावर असते तशी.

खाली कचरा टाकायला गेले तेव्हा जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, दुपारी तू फार गोड गातेस, मी मशीन थांबवून ऐकत बसते. मला गाता येत नाही. शाळेत समूहगानात मला नुसतं तोंड हलवायला सांगायचे.

मी सरळ विचारलं, आमच्या आधी इथे कोण राहत होतं. काकू आधी टाळाटाळ करत होत्या. मग पायरीवर बसल्या आणि सांगितलं. एक जोडपं होतं. त्यांचं बाळ नवव्या दिवशी गेलं. बाई त्या मागच्या खोलीतून बाहेर यायला तयार होईना. नवरा काम सांभाळून जेवढं करता येईल तेवढं करत होता. महिनाभरात ती तिथेच गेली, खुर्चीत बसल्या बसल्या. काकूच वर गेल्या होत्या. तिचे हात अजून मांडीवर घडी केलेले होते म्हणाल्या, बाळ धरल्यासारखे.

मग माझ्याकडे पाहून घाईने म्हणाल्या, अगं, जुनी गोष्ट आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

२६ नोव्हेंबर

२७९०. नर्सबाई नुसत्या खूश नाहीत, चकित आहेत.

आज ठरवलं होतं, खोलीतून हलायचं नाही. सकाळपासून गुंडीला घेऊन तिथे बसले. कॉफी घेतली, तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटू दिले नाहीत. खुर्ची दाराबाहेर ठेवली आणि मी जमिनीवर. अकरा वाजले. गुंडीला भूक लागली. मी छातीशी धरलं, तिने मान वळवली. बाटली, ती थुंकली. बारा. एक. दोन. तीन तास ती रडली. काळीनिळी पडली. आणि रडताना माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, कोपऱ्याकडे बघत होती. जशी मुलं दुसऱ्या खोलीत आई दिसली की बघतात.

दोनला माझ्याने राहवेना. तिला खाली ठेवलं, बाहेर आले, दार ओढलं.

रडणं थांबलं.

मग गिळल्याचा आवाज. घुटका, श्वास, घुटका, श्वास. आणि गुणगुणणं.

माझा हात कडीवर होता. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर तिचं पिणं थांबलं असतं. मी तिथेच उभी राहिले आणि मनात घुटके मोजले. एकशे बारा.

मी कसली आई आहे.

२८ नोव्हेंबर

आज गुंडीला घेऊन निघाले. नवऱ्याला चिठ्ठी ठेवली. दुकानातल्या मैत्रिणीकडे आलेय. ती एकटीच राहते, घर लहान, स्वच्छ, भरपूर ऊन. तिने काही विचारलं नाही. बाटल्या उकळायला ठेवल्या आणि मला म्हणाली, आधी खा.

गुंडी अजून प्यायली नाही. पिईल. भूक लागली की पिईल.

३० नोव्हेंबर

दवाखाना. सुई तिच्या पायात, हाताची शीर सापडत नव्हती. दोन दिवस काहीच घेतलं नाही. नळीने दिलेलंही उलटून पडलं. तपासण्या सगळ्या ठीक. डॉक्टरांना कळत नाही.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. खुर्ची, गाणं, घुटके, मी काय बोलले होते तेही. त्याने माझा हात हातात धरून ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, तू शेवटची कधी झोपलीस.

नंतर तो डॉक्टरांशी बाहेर बोलत उभा होता. दाराच्या काचेतून दिसत होता. डॉक्टर बोलत होते, हा मान डोलावत होता, मग तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळला. त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

तो परत येऊन म्हणाला, "ती घरी पीत होती ना? मग माझ्या सहीवर घरी जाऊ या."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण गुंडीची ती बिजागरी परत कुरकुरायला लागली होती.

मी हो म्हटलं.

१ डिसेंबर

घरी. मीच तिला आत ठेवलं. मीच दार ओढलं. पाच मिनिटांत आवाज सुरू झाला.

नवऱ्याने खुर्ची काल रात्रीच आत नेऊन ठेवली होती. म्हणाला, तुला तिथेच बरं वाटतं ना.

३ डिसेंबर

नवरा लवकर आला. आणलेली फळं ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाला, किती शांत पाजत होतीस, मी दारातूनच मागे फिरलो, म्हटलं मध्ये यायला नको.

मी तेव्हा गच्चीवर होते. लंगोट वाळत घालत. बादली अजून माझ्या हातात होती.

त्याला बादली दाखवली. त्याने ती माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग अगदी हळू, मला दुखू नये म्हणून जपत, म्हणाला, "तुझाच निळा गाऊन होता. तूच वर पाहून हसलीस माझ्याकडे."

निळा गाऊन गच्चीवर होता. दोरीवर. ओला.

५ डिसेंबर

३१२०.

गुंडी हसते आता. कोपऱ्याकडे बघून. मी घेतलं की अंग ताठ करते, परक्याने घेतल्यासारखं.

नर्सबाई मला म्हणाल्या, आज पुन्हा उतरलेल्या दिसता, परवा तर काय टवटवीत होतात, किती गप्पा मारल्यात.

परवा त्या मला भेटल्याच नाहीत —

६ डिसेंबर

आत गेले. दुपारी, उजेडात. खुर्चीवर कोणी नव्हतं. कोपऱ्यात कोणी नव्हतं. पण गुंडी हवेला धरून होती. बोटं मिटलेली, कशाच्या तरी कडेला, कापडाच्या.

गुडघे टेकले. म्हटलं, तुझे उपकार आहेत. तू होतीस म्हणून ती जगली, हे मी विसरणार नाही. पोट तूच भर. पण तिला माझी राहू दे. दिवसातून एक तास तिला माझ्याकडे दे. अर्धा तास. मला ओळखेल एवढंच.

उत्तर आलं. खुर्चीतून. माझ्याच आवाजात, बोलण्याआधी मी घसा साफ करते तसा साफ करून.

"जरा पड तू. मी आहे ना."

प्रेमाने म्हणाली. खरंच प्रेमाने.

८ डिसेंबर

फोन वाजला. उठेपर्यंत मागच्या खोलीत कोणीतरी उचलला. आईचा आवाज स्पीकरवर. आई हसत होती. म्हणाली, आता कशी माझी लेक परत माझ्यासारखी बोलायला लागली.

मी ओरडले. आई. आई, ती मी नाही.

आई म्हणाली, मागे वारा सुटलाय का गं.

नवरा जेवायला उठला. दोन ताटं घेतली, दोन्ही आत नेली. मी त्याचा दंड धरला. त्याने खिडकी लावून घेतली, गार लागतंय म्हणाला. मला नव्हे —

९ डिसेंबर

बाहेरचं दार उघडत नाही. की मीच ढकलत नाहीये, कळत नाही. जिन्यातून काकूंनी हाक मारली, मग खाली त्यांचं मशीन सुरू झालं. मी आतून पाय आपटले. मशीन थांबलं नाही.

मागच्या खोलीला आतून कडी. तिघांचं हसणं. तीन —

झोपायचं नाही. झोपले की

१० डिसेंबर

दूध आलं.

आज सकाळी. आपोआप. छाती दगड झालीय, गाऊन चिंब, फरशीवर थेंब. थांबत नाही. एवढं की दोन मुलं —

दाराशी बसून लिहितेय. आत गुंडी रडतेय. भुकेने. माझं दूध तिच्या रडण्याला धावतंय, मला कळतंय, ती माझी —

दार वाजवलं. पुन्हा. दोन्ही हातांनी.

रडणं थांबलं. नवरा म्हणाला, कोणीतरी आलंय का. ती म्हणाली, नाही रे, तू बस, मी बघते. तो म्हणाला, तू पाज, मी उठतो.

तो उठला.

पावलं. दाराशी आली. माझ्या इतक्या जवळ की त्याचा श्वास —

विचारतोय, कोण आहे. पुन्हा विचारतोय. त्याला ऐकू आलं, मी वाजवलेलं त्याला ऐकू आलं. आता नाव सांगितलं की झालं. त्याला माझं नाव ठाऊक आहे, तो दार उघडेल, फक्त नाव, मी

माझं नाव